साडेअकराचा फोन

सीतालक्ष्मीबाईंना घराघरांतली शांतता कानानं ओळखता येते. हसू आलं तर खुशाल हसा; तंजावरात त्यांना ओळखणारे सगळेच आधी हसले आहेत. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात कानाला हेडफोन लावून बसलेल्या या बाईंचं म्हणणं असं, की फोनवर माणूस गप्प बसला तरी त्याचं घर गप्प बसत नाही. कुणाचा पंखा दर फेऱ्याला एकदा कण्हतो, कुणाच्या मागच्या दारी पाण्याची मोटार धडधडते. एका वकिलांच्या घरी फोन स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलेला होता. कुकरच्या शिट्ट्या मोजून बाई सांगत, "वकीलसाहेब, चौथी झाली. आधी गॅस बंद करून या, मग मदुराई जोडते."

पुढे ट्रंक कॉल गेले आणि बाईंची बदली चौकशीच्या टेबलावर झाली. तिथे लोकांनी नंबर विचारावेत अशी सरकारची अपेक्षा. लोक विचारत भलतंच. मोठ्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, हे खरं का? "पडते. मी त्या सावलीत बसून शेंगदाणे खाल्लेत." सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं का? "असं सांगतात. पण ते सांगणाऱ्यांपैकी जेवायला कुणी हजर नव्हता." पैजा लावून बसलेली मंडळी तर हटकून फोन करत. उत्तर ठाऊक नसलं की बाई अस्वस्थ होत, ग्रंथालयात जाऊन शोधत आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला आपण होऊन फोन करत. अशी त्यांची एक वही तयार झाली. भाषा घरची मराठी, लिपी तमिळ. देवनागरी त्यांना जेमतेम लागे. केळं हे शास्त्राप्रमाणे बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी बेरी नाही. शुक्रावर दिवस वर्षापेक्षा मोठा. ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाचा एक प्राणी आहे, त्याची लेंडी चौकोनी. ऑक्टोपसला तीन हृदयं. या वहीचा जगाला काय उपयोग, असं त्यांचे यजमान हयात असताना एकदा विचारून बसले होते. त्यांना दोन दिवस कॉफी स्वतः करून घ्यावी लागली.

एक्स्चेंजात पहिल्या दिवशी शिकवलेला एक नियम मात्र बाईंनी निवृत्तीनंतरही मोडला नाही. ज्यानं फोन लावला, त्यानंच तो ठेवायचा. ऑपरेटरनं आधी वायर उपटायची नाही. त्यामुळे कर्ज हवंय का विचारणाऱ्या पोरींनासुद्धा बाई शेवटपर्यंत ऐकून घेत, आणि वर त्यांना चौकोनी लेंडीची हकिकत सांगत. फोन त्या पोरीच ठेवत.

वहीतली एक गोष्ट रोज एका माणसासाठी राखून ठेवलेली असे. तो माणूस म्हणजे बाईंचा पाच वर्षांनी धाकटा भाऊ एकोजी. शेतकी खात्यातून निवृत्त होऊन तो तिरुवैयारूला कावेरीजवळच्या घरात राहत असे. रोज सकाळी साडेअकराला त्याचा फोन येई, लॅंडलाइनवरून लॅंडलाइनवर. मोबाइल दोघांकडेही होते, पण बाईंच्या मते मोबाइलवर माणसाचं घर ऐकू येत नाही. फोन उचलला की पलीकडून आरोळी यायची, "अहॉय, अक्का!" टेलिफोन शोधून काढणाऱ्या साहेबाला 'हॅलो' पसंत नव्हतं, खलाशांसारखं 'अहॉय' म्हणावं असं त्याचं मत होतं, हे बाईंनीच कधीतरी सांगितलेलं. एकोजीनं ते जे धरलं ते सोडलं नाही. मग बाई दिवसाची गोष्ट सांगत आणि तो ती मोठ्यानं आपल्या बायकोला ऐकवी. ती, वेंकूबाई, शेजारी भाजी चिरत बसलेली असे. स्वतः ती फोनवर कधी येत नसे. फोन हे यांचं खातं, म्हणे.

आडी या तमिळ महिन्यातल्या एका मंगळवारी एकोजीनं उलटाच डाव टाकला.

"अहॉय, अक्का! आज मीच तुज प्रश्न घालतों. सकाळपासून डावा हात बधिर झालाय. बोटांत मुंग्या. कां होतें असें?"

बाईंना उत्तर पाठ होतं. "रात्रीं हातावर निजला असशील. लोकांस वाटतें रक्त थांबतें म्हणून मुंग्या येतात. तसें नव्हे. नस दबते. तूं उठलास, हात अजून निजलाय."

पलीकडे एकोजी खो खो हसला. "वेंकू, ऐकिलेंस? हात निजलाय, उठवूं नको म्हणते अक्का!"

त्याच दिवशी चार वाजता तो गेला. हृदयाचा झटका. सकाळपासून सूचना मिळत होती, असं डॉक्टर म्हणाले. ते सहज म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. बाई तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तीन हृदयांची माहिती ठेवणाऱ्या बाईला एका हृदयाचं साधं दुखणं कळू नये, याची त्यांना इतकी लाज वाटली की रडूसुद्धा आलं नाही. त्यांनी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. तेरावा झाला. एकोजीचा मुलगा कार्तिकेय घराला कुलूप लावून आईला कोइम्बतूरला घेऊन गेला. बाईंनी वही कपाटात साड्यांच्या खाली घातली.

सतराव्या दिवशी साडेअकराला फोन वाजला.

बाईंनी उचलला. "हॅलो?" कुणी बोललं नाही. त्यांनी सवयीनं कान दिला. लांबून कुणा शिकाऊ मुलीचा स रि ग म ऐकू आला, तिसऱ्या स्वराला घसरणारा. मग झोपाळ्याच्या कडीचा कुरकुर आवाज. आणि मग घड्याळाचे टोल पडले, एक आणि दोन.

साडेअकराला दोन टोल देणारं घड्याळ त्यांच्या माहितीत एकच होतं. एकोजीनं ते तीनदा दुरुस्त करून आणलं होतं. शेवटी दुरुस्तीवाल्यानंच हात जोडले. त्या घड्याळाला आठ दिवसांची चावी लागे. ती दर रविवारी एकोजी स्टुलावर चढून देई. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. कुलूपबंद घरातलं ते घड्याळ एव्हाना थांबायला हवं होतं.

त्या बोलल्या नाहीत. पण रिसीव्हर ठेवणंही त्यांना जमेना. फोन पलीकडून लागला होता. बारा वाजायला आले तेव्हा पलीकडे खट्ट झालं आणि मगच बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बाईंची नात कीर्तना चेन्नईच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. मराठी तिला सगळी समजते, बोलताना अर्ध्यात तमिळ शिरतं. आजी रोज अर्धा तास फोन कानाला लावून तोंडातून शब्द काढत नाही, हे तिनं चार दिवस पाहिलं.

"आजी, अय्यो, ते स्पॅम कॉल. कट कर ना."

"मज कट करतां येत नाही."

"उलटा फोन करून पाहा मग. कोण आहे तें कळेल."

बाईंना तेही सुचलं होतं. धीर झाला नव्हता. कुणी उचललाच नाही तर? आणि उचलून "अहॉय" म्हणालं तर?

दिवस तसे चाललेच. गणपतीचे मोदक झाले, वीजबिल भरलं, वॉर्डातले लोक मतदारयादी तपासून गेले. पण बाईंची तयारी सकाळी दहापासूनच सुरू होई. आंघोळ उरकून, केस विंचरून, त्या फोनजवळच्या खुर्चीत बसत. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. वहीत त्या विषयाचं एक पानही नव्हतं. तरी मनात त्या भावाशी बोलत. एको, मज विचारायला आला आहेस काय? मी काय सांगूं? मी म्हटलें तें बरोबर होतें रे, नस दबली तर तसेंच होतें. फक्त तुझी नस दबली नव्हती. असं म्हणून त्या वाट पाहत आणि पलीकडे ती मुलगी तिसऱ्या स्वराला घसरत राही.

बावीस दिवस झाले. तेविसाव्या दिवशी त्यांनी ठरवलं. कीर्तनाला फोनजवळ बसवून बजावलं, "वाजला कीं उचल. बोलूं नको. आणि ठेवूं तर मुळींच नको."

"आणि मीटिंग?"

"मीटिंगला सांग, लाइन बिझी."

तिरुवैयारूची बस त्यांनी पकडली. पाच नद्यांचं गाव. वाटेत पूल येत जातात आणि बाई लहानपणापासून ते मोजत आल्या आहेत. या खेपेला दुसऱ्या पुलानंतर मोजणी चुकली. कालव्यांना पाणी आलेलं, शेतांतून लावणीच्या बाया वाकलेल्या. सगळं नेहमीसारखं होतं आणि त्याचाच त्यांना राग आला.

घरासमोर पिठाच्या रांगोळीचा कोलम नव्हता. पण कुलूपही नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. शेजारी संगीतवाल्या बाईंकडे स रि ग म चालू होतं. बाईंनी दार ढकललं. आत अंधूक उजेड. दाराकडे पाठ केलेली एकोजीची आरामखुर्ची, खुर्चीत कुणीतरी बसलेलं, खांद्यावर त्याचा चौकड्यांचा टॉवेल, मान डावीकडे कलती करून रिसीव्हर कानाशी धरलेला. एकोजी अगदी तसाच धरत असे. बाजूचा झोपाळा वाऱ्यानं हलत होता. भिंतीवरच्या घड्याळानं दोन टोल दिले.

"एको?" बाई म्हणाल्या.

मान वळली. ती वेंकूबाई होती. घड्याळाखाली स्टूल होतं आणि तिच्या मांडीवर चावी.

"मुलास सांगितलें, अक्कांकडे राहतें," ती म्हणाली. "येथेंच आलें. घड्याळ थांबूं द्यायचें नव्हतें."

सीतालक्ष्मीबाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. बोलायला आलेलं सगळं बसमध्येच सांडून गेलं होतं. उरलं तेवढं त्या बोलल्या. "वेंकू, त्या दिवशीं हाताचें मी..."

"ठाऊक आहे. मी येथेंच होतें कीं. भेंडी चिरीत."

"मी दवाखान्यांत जा म्हटलें असतें, तर गेला असता तो."

"गेले असते," वेंकूबाई म्हणाली. "तुमचें ऐकत. माझें कधीं ऐकिलें?"

हे ऐकायलाच आपण बावीस दिवस फोन धरून बसलो होतो, हे बाईंना तेव्हा कळलं. आता त्यांना रडू आलं. वेंकूबाईनं त्यांना रडू दिलं. रिसीव्हर अजून तिच्या हातात होता.

"रोज हेंच बोलायला फोन लावतें," ती म्हणाली. "अक्का, तुम्हीं मारिलें त्यांना, असें म्हणायचें. रोज ठरवितें. तुम्ही उचलतां, बोलत नाहीं. मग तुमच्या घरचा पंखा ऐकूं येतो. वाटतें, आतां अक्का कांहीं सांगतील आणि हे हसतील. तेवढ्यांत मज आठवतें." टॉवेलाचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "त्या दिवशीं यांच्याहून मोठ्यानें मी हसलें, अक्का. जेवून हे आडवे झाले. तो हात पोटाशीं धरिला होता. मज म्हणाले, अजून उठत नाहीं गे हा. मी म्हटलें, निजूं द्या त्यास, तुम्हीही निजा. आणि दार ओढून घेतलें. चारला कॉफी घेऊन गेलें."

प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेली ही बाई वेंकूबाईचे पाय दाबत राहिली, आणि वेंकूबाईनं पाय मागे घेतले नाहीत.

रिसीव्हरमधून बारीक आवाज आला. "आजी? कोणी बोलत नाही इथे. ठेवू का?"

वेंकूबाईनं रिसीव्हर पुढे केला. सीतालक्ष्मीबाईंनी तो कानाला लावला. सगळ्या गावाची घरं ऐकलेल्या त्या बाईंनी स्वतःचं घर फोनवर कधीच ऐकलं नव्हतं. त्यांचा पंखा वर अडखळत फिरत होता. मागच्या पेरूवर खारी भांडत होत्या. खुर्ची करकरली, कीर्तना बसल्या जागी चुळबुळत असावी. आणि त्या सगळ्याच्या मधे एक मोकळी जागा होती, कुणीतरी आता "अहॉय" म्हणेल म्हणून ठेवल्यासारखी. एवढे दिवस वेंकू हे ऐकत होती.

"ठेवूं नको, कीर्तना," त्या म्हणाल्या. "फोन इकडून लागलाय. ठेवायचा असेल तर वेंकूआजी ठेवील."

त्यांनी रिसीव्हर वेंकूबाईपुढे धरला. बारा वाजून गेले, शेजारचं गाणं थांबलं, तरी तिनं हात पुढे केला नाही.