आत्याच्या हातचा विडा

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. बायकोजवळसुद्धा नाही, आणि तिच्यापासून काही लपवणं किती कठीण ते आमच्या घरी येऊन गेलेल्यांना ठाऊक आहे. मुलाखतीला लोक येतात, विचारतात — मध्यंतरी तुमचा आवाज गेला होता म्हणे, तेव्हा काय झालं? मी हसतो आणि शिमग्याच्या गमती सांगायला लागतो. ते मला छान जमतं. आज तुम्हाला सांगतो. पण जरा आढेवेढे घेत सांगेन, चालेल ना?

आमचं गाव आगरदांड्याच्या अलीकडं, समुद्राला लागून. बाप मचव्यावर. आई मी रांगत असतानाच गेली. मला वाढवलं आत्यानं, बापाच्या थोरल्या बहिणीनं. ती धवलारीण होती. म्हणजे — शहरातल्यांना सांगायला हवं — आमच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले, म्हणजे विधीची गाणी, म्हणणारी मानाची बाई. भटजीला उशीर झाला तर चालायचं. आत्या आल्याशिवाय मांडवात पान हलायचं नाही.

ती बोंबील वाळत घालायची आणि गायची. मी वलांडीखाली, म्हणजे बोंबील टांगायच्या काठ्यांच्या मांडवाखाली, बसून तिला बोंबलाच्या जोड्या करून द्यायचो. ती एक ओळ म्हणायची, मी म्हणायचो. चुकलो तर ओरडायची नाही, फक्त तीच ओळ परत म्हणायची. मग परत. नीट येईपर्यंत पुढची ओळ मिळायची नाही. अंगाला बोंबलाचा वास, डोक्यावर ऊन, आणि तिचा तो रुंद, निवांत आवाज. देवाशप्पथ सांगतो, पुढं एवढ्या स्टुडिओंत गायलो, पण तसं गाणं परत झालं नाही.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी शाळेत झेंडा लागला आणि मास्तरांनी मला गायला उभं केलं. निघताना आत्यानं पानाच्या तुकड्यात लवंग आणि खडीसाखर घालून माझ्या तोंडात दिलं. म्हणाली, "गला उघडलाय तुजा बाला, आता घाबरू नको." तेव्हापासून गावात कुठंही गायचं म्हटलं की आधी तिच्या हातचा विडा. मिसरूड फुटलं तरी तसंच. पोरं चिडवायची. चिडवू देत, मला काय.

मग मुंबई. चुलत्यानं गोदीत चिकटवलं. चाळीच्या गणपतीत गायलो, कुणीतरी कंपनीच्या साहेबाला सांगितलं, आणि एक दिवस माझी तबकडी निघाली. गाणं आमच्या नाखवांचं, चाल आत्याच्या धवल्याची, नाव माझं. तुम्हाला वाटलं असेल, मी लपवतोय तो गुन्हा हाच. नाही हो. तिला त्याचा अभिमानच होता. फोनोसमोर पाय पसरून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माजाच गला हाय त्यो, त्याच्या तोंडातनं येतोय."

ते दिवस काय सांगू. अलिबागपासून मुरुडापर्यंत माझ्या तबकडीशिवाय हळद लागत नव्हती. एस.टी. नागावात थांबली की वाडीतले लोक खिडकीतून शहाळी द्यायचे. रेशमी सदरा, काळा चष्मा, केसांत वासाचं तेल. लाँचवर खलाशी मला बसायला जागा करून द्यायचे आणि बाप उगाच दुसरीकडं बघत उभा राहायचा, जसा काही हा कुणाचा मुलगा आहे ते त्याला माहीत नाही. मी उडत होतो. खोटं कशाला बोलू?

आणि गात होतो. रोज, कुठंही. ताप असला तरी. घसा खरवडल्यासारखा व्हायला लागला तेव्हा मुंबईतल्या एका डॉक्टरनं घशात आरसा घालून पाहिलं. म्हणाला, स्वरतंतूंवर गाठी आहेत. पावसाळा सरेपर्यंत गायचं नाही, बोलायचंसुद्धा कमी. गायलात तर आवाज जाईल.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. इथं जरा थांबतो — कारण पुढचं सगळं यावरच आहे. मला माहीत होतं. आधीच माहीत होतं.

गावात नारळी पुनवेला माझं गाणं ठरलेलं होतं. नाही कसं म्हणायचं? लोक म्हणाले असते, मोठा झाला, माजला. मी गेलो. सकाळी आत्यानं गावदेवीला शेंदूर लावला, तो मान आमच्या घराचाच. दुपारी नारळ समुद्राला गेला. मग होड्यांपुढं फळ्या टाकून केलेल्या स्टेजवर मी चढलो. चढण्याआधी आत्यानं सगळ्यांसमोर विडा तोंडात दिला.

पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्यात वर गेलो आणि आवाज फाटला. परत घेतला — नुसती हवा आली. सगळा गाव समोर. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. बाप खाली मान घालून वाळूकडं बघत होता. त्याची ती मान मला बघवेना.

होडीच्या आडोशाला मला बसवलं, पाणी दिलं. गावचा पाटील जवळ आला आणि हळूच म्हणाला, "कुनाच्या हातचं काय खाल्लंस रं?"

तुम्हाला ठाऊक असेल, गाणाऱ्याच्या पोटात शेंदूर गेला की त्याचा गळा कायमचा बसतो, असं आमच्याकडं पक्कं मानतात. पाटील काय विचारतोय ते मला लगेच कळलं. आणि मी काय बोललो? दोनच शब्द. "आत्याचा विडा."

खोटं होतं का ते? नव्हतं. म्हणून तर इतकी वर्षं पचलं.

कुणी भांडायला आलं नाही. कुणी तिला तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त पुढच्या लग्नसराईत तिला बोलवायला कुणी आलं नाही. नव्या नवरीला तिनं हळद लावू नये, एवढंच. एखाद्या घरी परगावची धवलारीण आणली. बाकी ठिकाणी माझी तबकडी लावली. आत्या घरात बसून ती ऐकायची.

माझा आवाज मुंबईत गप्प बसल्यावर परत आला. खालचा स्वर जरा खरखरीत झाला, तो लोकांना जास्तच आवडला. शेंदूर असता तर आवाज परत आला असता का, असं कुणाच्या मनात आलं नाही. गाव म्हणालं, देवीनं वाचवला. मीही देवीला नारळ फोडला, सगळ्यांदेखत.

इथवर भित्रेपणा झाला. तरुण होतो, लाज वाटली, तोंडून निघून गेलं — असं म्हणता आलं असतं. पण पुढचं?

दोनतीन वर्षांनी घरी गेलो होतो. मागल्या अंगणात ती जवळा निवडत बसली होती. बाप बंदरावर. आम्ही दोघंच. सुपातून मान वर न काढता ती म्हणाली, "त्या दिशी हात धुतलं व्हतं मी. पन नखात शेंदूर ऱ्हायला आसंल का रं बाला? मला आठवत न्हाय. लय आठवून बघतंय."

तिला स्वतःवरच संशय येत होता. ही दोनतीन वर्षं ती स्वतःची नखं तपासत बसली होती. आणि तिथं कुणी नव्हतं. पाटील नव्हता, गाव नव्हता, कंपनीचा साहेब नव्हता. एक वाक्य बोललो असतो — आत्या, डॉक्टरनं मला आधीच सांगितलं होतं — तर तिनं मला एक शिवी दिली असती आणि जेवायला वाढलं असतं. मला तिचा स्वभाव माहीत नव्हता का?

मी म्हणालो, "ऱ्हायला आसंल, आत्या. जाऊ दे. मी तुला कधीच माफ केलंय."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या पायांवर डोकं टेकवलं. मी पाय मागं घेतले नाहीत.

त्यानंतर ती मरेपर्यंत भेटेल त्याला सांगत राहिली, माजा बाला लय मोठ्या मनाचा. तिला पोचवायला सगळा गाव आला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून लोक मला तेच सांगत होते, आणि मी हात जोडत होतो.