आमच्या गावात कोणालाच त्रास नाही

आमच्या प्रोजेक्टचा अहवाल जाडजूड होणार आहे. तरी त्यात निम्मं काही मावणार नाही. ते निम्मं आम्ही धुळ्याहून जळगावला परतताना गाडीत एकमेकींना सांगतो. आधी हसतो, मग पारोळ्यात चहालाही कोणी उतरत नाही.

विषय असा: मोठ्यांना आणि मुलांना मानसिक आजारात गावातच मदत मिळाली तर उपयोग होतो का, की शहरातला दवाखानाच बरा? प्रोजेक्टचे प्रमुख आमचे सर. वय झालंय, अनुभव दांडगा, आणि मला ‘बेटा’ म्हणतात. मी एम.एस.डब्ल्यू. आहे, त्यांची बेटा नाही. पण ते कोण सांगणार!

*

पहिल्या गावात सरपंच म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे मेंटल कोणी नाही. शेजारच्या गावात जा, तिथे ढीगभर!”

शेजारच्या गावात गेलो. तिथले सरपंच म्हणाले, “आधी कुठे जाऊन आलात?”

आम्ही गावाचं नाव सांगितलं.

“मग ते गाव सोडून इकडे कशाला आलात?”

*

मुलाखत एकांतात घ्यायची, हा नियम. नियम करणारे खानदेशात राहिलेले नसावेत. एका सुनेला विचारलं, “झोप लागते का?” उत्तर सासूने दिलं, “तिले काय व्हयनं? दोन टाइम जेवस, मस्त झोपस!”

सासूबाईंना चहा करायला पाठवलं. सून माझ्या कानाशी आली. मी पेन सरसावलं.

“ताई, आधी त्यांनाच काहीतरी द्या ना. रात्रभर भांडी घासत बसतात.”

*

मग प्रणाली. वय नऊ. बाप ट्रकवर होता, दोन वर्षांपूर्वी हायवेला अपघातात गेला. तेव्हापासून ही पोर घरात आईच्या कानात कुजबुजते, बाकी कोणाशी एक शब्द नाही. आमची समुपदेशक पंधरा दिवसांनी त्याच गावात बसते. प्रणालीला तिच्याकडे नियमित आणायचं, एवढंच माझं मागणं होतं.

आधी शाळेत गेले. बाई कौतुकाने म्हणाल्या, “प्रणाली ना? अहो, वर्गात आवाज म्हणून नाही! आम्ही तिला आदर्श विद्यार्थिनी केलंय.”

एवढंच नाही. तिला मॉनिटरही केलं होतं!

*

आईची ना नव्हती. पण ती म्हणाली, “तुम्ही आबासले इचारा.”

आबा म्हणजे प्रणालीचे आजोबा. रिटायर्ड हेडमास्तर. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. मुलाचा फोटो भिंतीवर, पण त्याचं नाव ते काढत नाहीत. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“बोलत नाही म्हणून कोणी पोरीला डॉक्टरकडे नेतं का?” माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, “तुझ्या बापाने तुला न्यायला पाहिजे होतं!”

*

मी सरांना म्हटलं, आता तुम्हीच जा. मोठ्या माणसाचं मोठा माणूस ऐकेल.

सर गेले. मी ओट्यावर थांबले. आतून चहाचा वास, मग हसण्याचा आवाज, मग हल्लीच्या पिढीला वळण नाही यावर दोघांचं एकमत. बऱ्याच वेळाने सर बाहेर आले. खूश होते.

“फार सुसंस्कृत कुटुंब आहे, बेटा.”

“आणि प्रणालीचं?”

“अगं, तो विषयच निघाला नाही!”

*

शेवटी आईनेच हिंमत केली. गावातल्या गावात नेलं तर आबांना कळलं असतं. मजुरी बुडवली, आबांना माहेरी जाते सांगितलं आणि पोरीला एस.टी.ने धुळ्याच्या एका दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, “काय त्रास?”

“बोलत नाही.”

“मग कान-नाक-घसा. वरच्या मजल्यावर.”

तासन् तास रांग. डॉक्टरांनी टॉर्च मारून तोंडात बघितलं आणि सांगितलं, “घसा एकदम उत्तम!”

मी सरांना म्हटलं, हाच तर आपला निष्कर्ष! सर म्हणाले, “एका केसवरून निष्कर्ष काढू नये, बेटा.”

*

गेल्या महिन्यात त्याच गावात आमची शेवटची सभा झाली. प्रोजेक्ट संपत आलाय. गावाने समाजमंदिरातली खोली दिली आणि समुपदेशक हवी म्हणून मागणी केली, तरच तिचं येणं पुढे चालू राहील. नाहीतर प्रणालीसाठी पुन्हा धुळे आणि पुन्हा घसा.

सर बोलले. लांबलचक बोलले. मग गावाच्या वतीने आबा उठले. मी मान खाली घातली. मला माहीत होतं.

“सरांचे आभार,” आबा म्हणाले. “मात्र आमच्या गावात असला त्रास कोणालाच नाही. मोठ्यांना नाही, लहानांना तर नाहीच. खोलीची गरज नाही.”

माना हलल्या. कोणीतरी टाळीही वाजवली.

बायकांमध्ये आईला चिकटून बसलेली प्रणाली उभी राहिली. आवाज घोगरा होता, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

“आबा, तू रातले रडस. माले ऐकू येस.”

आबा माईक धरून तसेच उभे.

सरांचे कान जरा जड आहेत. ते पुढे वाकले. “काय म्हणाली हो नात?”

“काही नाही साहेब,” आबा म्हणाले. “आमची प्रणाली बोलत नाही.”