हेदवीपर्यंतची अट

आमच्या जिल्ह्यात बाई रस्त्याने पळताना दिसली तर त्याचा अर्थ एकच. कोणीतरी गेलं, नाहीतर जायला टेकलंय. बाई पन्नाशीची असेल तर मग शंकाच नको. पहिल्या महिन्यात मला निदान सात-आठ रिक्षावाल्यांनी थांबवलं. त्यातले निम्मे माझे विद्यार्थी, कारण रत्नागिरीत मी सव्वीस वर्षं गणित शिकवते आहे. "बाई, काय झाला? कोन गेला काय?" असं विचारून ते रिक्षा वळवायचे. कोणी गेलेलं नाही, मी आपली मजेत पळतेय, असं म्हटलं की त्यांचे चेहरे उतरायचे. बाईंचं डोकं फिरलंय ही बातमी मात्र आठवड्यात शाळेपर्यंत पोचली.

पळायला सुरुवात केली ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. चालण्याचा मला कंटाळा येतो. सकाळी चालणाऱ्या बायका सुनांविषयी बोलतात आणि मला सून नाही. आधी पाच किलोमीटर, मग दहा, मग एकवीस, असं करत बावन्नाव्या वर्षी मी घाटमाथ्यावरच्या पंच्याहत्तर किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. शर्यत जानेवारीत होती. शेजारणीने म्हातारचळ हा शब्द मला ऐकू येईल अशा बेताने उच्चारला. शाळेतल्या एका सरांनी सुचवलं, एवढीच हौस असेल तर देवळाला प्रदक्षिणा घाला, पुण्य तरी लागेल. मी म्हटलं, पुण्य तुम्ही मिळवा, मला दम मिळवायचाय.

श्रावणात घरामागच्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून शेवाळावर घसरले. गुडघा नारळाएवढा सुजला आणि सहा आठवडे घरी बसावं लागलं. यजमान तोवर गप्प होते, ते आता बोलले. त्यांचा थोरला भाऊ पंचावन्नाव्या वर्षी क्रिकेट खेळताना मैदानावरच गेला होता, तेव्हा त्यांची भीती उगाच नव्हती. ती मला कळत होती. पण भीती वाटते असं सरळ म्हणण्याऐवजी त्यांनी अट घातली. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी घरापासून हेदवीला, माझ्या माहेरी, स्वतःच्या पायांनी जायचं. कुठल्याही गाडीत बसायचं नाही. मध्ये जयगडची खाडी लागते, तेवढी फेरीबोट माफ. दुपारी दोनच्या आत पोचले तर शर्यतीला जायचं, नाहीतर नाव मागे घ्यायचं. अंतर साठेक किलोमीटर. मी ताबडतोब हो म्हटलं. जमणार याची मला खात्री होती, आणि माझं पळणं त्यांनी एवढं मनावर घेतलं याचं बरंही वाटलं.

पहाटे चारला निघाले. पाठीवरच्या पिशवीत मीठ घातलेली पातळ पेज आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू होते. परदेशी गोड जेलच्या पुड्या मला पचत नाहीत. गणपतीपुळ्यापर्यंत पाय हलके होते. मालगुंडच्या पुढे ऊन चढलं. सड्याच्या उघड्या माळावर सावली म्हणून नाही, वरून ऊन आणि खालून तापलेला कातळ. जयगडच्या उतारावर गुडघा दुखायला लागला. धक्क्यावर पोचले तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. माझ्या आणि तिच्या मध्ये हातभर पाणी असेल फार तर. पुढची बोट पाऊण तासाने होती.

तो पाऊण तास मी धक्क्यावर येरझाऱ्या घातल्या, कारण बसले असते तर उठले नसते. बोटीवरही गाड्यांच्या मधून फेऱ्या मारत राहिले. लोक मला पाहून बाजूला सरत होते. एका बाईंनी काळजीने पाण्याची बाटली पुढे केली, आणि बरोबर कोणी आहे का असं विचारलं. मी नाही म्हटलं.

पलीकडे उतरताच तवसाळचा चढ सुरू झाला. निम्म्यात मी लंगडत होते. तेवढ्यात मागून मासळीचा एक टेम्पो येऊन शेजारी थांबला. चालवणारा माझा जुना विद्यार्थी, आता कानाजवळ केस पिकलेला. त्याने काय झालं विचारलं, तेव्हा मी त्याला सगळी अट सांगितली. त्याने माझ्या बाजूचं दार उघडलं.

"बसा बाई. हेदवीच्या अलीकडं वळनावर उतरवतो. कोनाला कळनार नाय."

खोटं कशाला बोलू, मी दाराची कडी धरली होती. आतून बर्फाचा गारवा येत होता.

"नववीच्या परीक्षेत तुझ्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली होती," मी म्हटलं.

"तवा पकडायला तुमी होताव. आज कोन हाय?"

"आजही मीच आहे."

त्याने दार लावून घेतलं. मूठभर बर्फ माझ्या रुमालात बांधून दिला आणि तो पुढे गेला. तो बर्फ गुडघ्यावर धरून मी चढ संपवला.

दोन वाजले तेव्हा हेदवी अजून चार किलोमीटर होती. मी काजूच्या बागेच्या दगडी गडग्याला टेकले आणि रडले. रडता रडता राग आला. आधी बोटीचा, मग गुडघ्याचा, मग यजमानांचा, आणि शेवटी स्वतःचाच. मुलांना मी कायम सांगते, गणित सोडवायच्या आधी नीट वाचा. मी वाचलंच नव्हतं. बावन्न वर्षांच्या बाईने स्वतःच्या पायांनी कुठे जायचं, याला दोनचा ठोका मुळात कशाला हवा होता? आता घाईचं काहीच कारण उरलेलं नव्हतं. तरी उरलेलं अंतर मी चालले नाही, जमेल तशी पळत गेले.

भावाच्या घराच्या बेड्याशी, फाटकातच, गाडीने पुढे आलेले यजमान उभे होते. एक वाजल्यापासून ते तिथेच आहेत, असं भावाने मागाहून सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"दोन चाळीस," ते हळूच म्हणाले. त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता, तेवढं मला कबूल केलंच पाहिजे. त्यांनी माझी पिशवी घेतली, हात धरून पडवीत आणलं, खुर्ची दिली. वहिनीने गरम पाण्याचं घमेलं पायांशी ठेवलं.

"मी अट हरले," मी म्हटलं.

"मग आज रात्री नाव काढून टाक."

"नाही. अट मान्य केली ही माझी चूक झाली. शर्यतीला मी जाणार."

शब्द मोडला म्हणा हवं तर. पण चोरून नाही, त्यांच्या तोंडावर मोडला. वहिनी स्वयंपाकघरात गेली. यजमान माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची माया कळत होती आणि ती माया मला तसूभरही मागे सरकवत नव्हती.

"मी तुला सोडायला येणार नाही," ते म्हणाले.

"नका येऊ," मी म्हटलं. "एसटी आहे."