पुलाच्या दोरांना बैलांच्या घाट्या

माझं लग्न एका पुलानं अडवलं होतं, आणि तो पूल मीच बांधला होता.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. उटनूरच्या कचेरीत मी नवा इंजिनिअर. नार्नूरकडच्या एका ओढ्यावर चार तिरप्या लोखंडी दोरांनी तोललेला पायी जायचा पूल उभा केला. वारा सुटला की एखादा दोर थरथरायचा आणि त्याच्यासोबत अख्खा पूल. ओढ्यापलीकडच्या गावात मी मुलगी पाहिली, ती मला फार आवडली. तिचे वडील आमच्या घरी होकार सांगायला निघाले, ते नेमके वाऱ्याच्या दिवशी. अर्ध्या पुलावर ते मटकन बसले आणि रांगत मागे गेले. मिशीला पीळ देणारा माणूस, साऱ्या गावानं रांगताना पाहिला.

"ज्याचा पूल असा कापते, त्याले पोरगी काऊन देऊ? आधी पूल थांबव, मंग बोलू," त्यांनी मला सुनावलं.

पण कोणता दोर नाचतो तेच कळेना. मी पोचेपर्यंत वारा पडलेला असायचा. साहेबांनी हैदराबादहून कंपन मोजायचं यंत्र मागवलं, तर त्याच्या वायरी पहिल्याच दिवशी शेळ्यांनी खाल्ल्या. मी रडकुंडीला आलो.

पुन्हा माफी मागायला गेलो, तेव्हा मुलीचे वडील गोठ्याकडे पाठ करून बसले होते. बैल घरी येत होते आणि मागे न बघता ते सांगत होते, कोणता पुढे, लंगडा कुठे रेंगाळला. चारही बैलांच्या गळ्यातली घाटी, म्हणजे घंटा, वेगवेगळ्या आवाजाची, बाजारात वाजवून घेतलेली. मी त्याच चार घाट्या मागून आणल्या आणि प्रत्येक दोराला एकेक बांधली. ऐकायचं काम अर्थात त्यांचंच. घर ओढ्याकाठी आणि तो कान दुसऱ्या कुणाला नव्हता. कुरकुरत का होईना, कबूल झाले. अहवालात मी 'बैलाची घाटी, नग चार' लिहिलं. साहेबांनी ते खोडून 'बिनतारी उपकरण' केलं.

दोन दिवसांनी निरोप आला: "लंगड्या बैलाचा दोर लई नाचून राह्यला. बाकीचे उगे हायेत."

मी तो दोर शेजारच्या दोराशी आडवा बांधला आणि गाठीत जुन्या टायरचं रबर कोंबलं. आठवडाभर वारा आला, गेला. घाट्या गप्प. मी ऐटीत त्यांच्या ओसरीवर चहा पीत होतो, पानही हलत नव्हतं, आणि लंगड्याची घाटी खणखणली. मी कप खाली ठेवून उठलो.

ते जागचे हलले नाहीत. "वारा नाही हा. माही पोरगी हाये."

धावत गेलो, मागून तेही आले. ती दोन्ही हातांनी दोर ओढून सोडत होती आणि मग बोटांवर मोजत होती.

"बाबा, पहिले हा जेवण होईस्तोवर वाजत राहे. आता तीन मोजेस्तोवर उगा होते," ती म्हणाली. "मले चालते."

मग वडील जिथे मटकन बसले होते, तिथे जाऊन ती उभी राहिली. या खेपेला वडील मिशीला पीळ देत चालत गेले. त्यांच्या मागून मी रांगत गेलो असं ती आजही पाहुण्यांना सांगते. ते खोटं आहे. मी जरा वाकून चाललो होतो, एवढंच.