घाटाचा नारळ

पैनगंगेच्या नावेतून उतरलो की काठावर ड्रायव्हरची प्रवासी मोटार उभी असे. घाट चढताना तो गाडीशीच बोले, "चाल माय, चाल." वर पोचला की इंजिन थंड करायला थांबे अन् खालची नदी सगळ्यांना आपल्या वावरासारखी दाखवे.

घाटाच्या पायथ्याशी देवाला तो नारळ फोडे, अन् बाकीच्यांनी हात जोडायचे, अशी रीत. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. त्या दिवशी मी हात जोडले नाहीत. मागून एक बुढा ओरडला, "याले उतरवा, नाई तं गाडी दरीत जाईन!"

मी म्हणालो, "तिकीट काढलं. उतरत नाई."

ड्रायव्हर नारळ फोडून आत आला. वाटलं, आता हाकलतो. तो म्हणाला, "भाऊ, तू समोर ये, माह्याजवळ बस." मग बुढ्याला म्हणाला, "बाबा, गाडी मी चालवून राह्यलो. हा पडीन तं मीबी पडीन."

वर थांबल्यावर त्यानं नदी आधी मला दाखवली. एवढी मोठी नदी, वरून लुगड्याच्या काठाएवढी! मागून बुढा वाकून पाहत होता.

"सरक जरा," तो म्हणाला, "मलेबी पाहू दे."

मी सरकलो.