हौसाच्या बाजेखाली

दुपारची जेवणं उरकली आहेत. लेकीच्या घरी, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर अनसाक्का जराशी आडवी झाली आहे. डोळा धड लागत नाही, धड उघडा राहत नाही. मिटल्या पापण्यांवरून पंख्याची सावली फिरते आहे. आतल्या खोलीत तिची नात तेजल बाळाला कुशीत घेऊन पडली आहे. पहिलटकरीण, टाके घालून सुटलेली. सकाळपासून तिच्या अंगात कणकण आहे. आणि दारामागे पुठ्ठ्याच्या खोक्यात ती वाफेची खुर्ची येऊन पडली आहे. मधोमध भोक असलेली बैठक, खाली गरम पाण्याचं भांडं ठेवायला जागा, सोबत ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, कडुनिंबाचा पाला अशी एक पुडी. तेजलनंच ती मोबाइलवरून मागवली.

मघाशी लेक शालन पदराला हात पुसत येऊन गेली.

"आई, संध्याकाळी बसवू का गं तिला वाफेवर? डॉक्टरीणबाई म्हणाली होती, टाके भरेस्तवर शेक नको, वाफ नको, ताप आला तर आधी दाखवायला आणा. पण ते सगळ्यांनाच तसं सांगत्यात. तेजू तर सारखी मागं लागलीय, बसव म्हणून. तू सांगशील तसं."

तू सांगशील तसं. या घरात शेकाचं कुणाला कळत असेल तर ते अनसाक्कालाच. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात आईनं दिलेला शेक अजून तिच्या कमरेत मुरलेला आहे. पण आई घाई करायची नाही. अंगावरून जाणं कमी झालं का, कपाळ गार आहे का, खालचं सगळं भरून आलं का, हे बघून मगच बाजेखाली निखारे यायचे. आधी आई स्वतःचा हात बाजेच्या सुंभावर ठेवायची. हाताला सोसवेल तेवढीच धग. घटकाभर ऊब, की घमेलं बाहेर. बाळंतीण सुखानं झोपून जायची. ते सुख आठवूनच अनसाक्कानं "बसव" म्हणायला तोंड उघडलं होतं. आणि नेमकी हौसा आठवली.

हौसा तिची धाकटी जाऊ. बाळंतपणात गेली. अनसाक्का तेव्हा शालनच्या वेळच्या बाळंतपणाला माहेरी होती. लेक घेऊन सासरी आली तेव्हा हौसाची बाज भिंतीशी उभी करून ठेवलेली होती. काय झालं, तर वारं लागलं. त्यापुढे त्या घरात कुणी कधी काही बोललं नाही आणि अनसाक्काला विचारायला जागा राहिली नाही.

शालनला तिनं एवढंच सांगितलं, "जरा पडते. उठल्यावर बघू."

पंख्याची सावली मंद होत जाते. मग फिरायचीच थांबते.

अनसाक्का पाणी प्यायला उठते. फरशी पायांना गार लागते, पुढच्या पावलाला सारवलेली जमीन लागते. स्वयंपाकघराचं दार ढकलते तर पलीकडे एसटीचा स्टँड आहे. माणूस नाही, कुत्रं नाही. तिच्या कडेवर तान्ही शालन आहे, पण शालनला धरलेले हात मात्र आताचे आहेत, शिरा वर आलेले, सुरकुतलेले. एक गाडी उभी आहे. ती पायरी चढते, आणि गाडीच्या आत बाकं नाहीतच. आत गोठ्याशेजारची ती बाळंतिणीची खोली आहे.

खोली धुरानं भरली आहे. ओव्याचा, लसणाच्या सालींचा धूर. इतका घमघमतोय की नको म्हणताना छाती भरून घेतली जाते. कडेवर आता शालन नाही. बाजेवर हौसा पडली आहे. कानाला फडकं घट्ट बांधलंय. विशी ओलांडली नव्हती तिनं, ती अजूनही ओलांडलेली नाही.

"आलात अक्का?" हौसा म्हणते. "लई दिवस राहिलात की माहेरी. आईनं सोडलं न्हाई वाटतं लाडक्या लेकीला?"

"आले बघ."

"आन् ह्ये काय, केस सगळे पिकले? माहेरचं पाणी बाधलं का काय?"

अनसाक्काला हसू येतं. हौसाची जीभ अशीच होती, सासूसमोर मुकी आणि जावेसमोर कात्री. 

"माझं पोरगं कुठाय?" हौसा विचारते.

"माझ्या दुधावर वाढवलं गं. शालन एकीकडं, त्यो एकीकडं. आता नातवंडांचा आजोबा झालाय. गुडघे दुखत्यात त्याचे."

"बया! म्हणजे माझ्यापरीस लई मोठा झाला." हौसा आढ्याकडे बघत राहते. "आई म्हणतो का कधी?"

"मला म्हणतो."

हौसा मान हलवते. रागावत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं लालभडक आहे. कुणीतरी आत्ताच फुंकर घातल्यासारखं. कुणी दिसत मात्र नाही. अनसाक्का बाजेच्या कडेला टेकते. सुंभ हाताला चटकतो.

"हौसे, एवढी आग? तुला भाजत न्हाई?"

"थंडी वाजत हुती अक्का. दात वाजायचे. मग आत्याबाई म्हणाल्या, वारं शिरलंय अंगात, शेक वाढवा. वाढवला की घाम सुटायचा, की परत थंडी. आत्याबाई रडायच्या आन् निखारे घालायच्या. लई जीव लावून केलं त्यांनी. त्यांना बोलू नका."

"मी कुणाला बोलणार आता? कोण राहिलंय? मला फक्त सांग, तुला काय झालं होतं?"

 खोलीची भिंत हलते. भिंतीच्या जागी दवाखान्यातला लांब बोळ आहे, आणि त्या बोळात दोन्हीकडे बाजा मांडल्या आहेत, एकीच्या मागे एक, प्रत्येकीखाली घमेलं. बायका भिंतीकडं तोंड करून पडल्या आहेत. एकीचाही चेहरा दिसत नाही. धुरात फक्त हौसाचा आवाज जवळ आहे.

"वास यायचा."

"ओव्याचा?"

"ओव्याचा यायचा तवर चांगलं वाटायचं. येणारी जाणारी म्हणायची, बाळंतिणीची खोली कशी घमघमतीय. धूर विझला की दुसरा वास यायचा. माझाच. अंगावरून जायचं त्येचा. नासल्यावानी." हौसा फडकं कानावर ओढून घेते. "लाज वाटली, अक्का. कुणाला सांगू? तुम्ही असता तर तुम्हाला सांगितलं असतं. मग मीच म्हणायची, आत्याबाई, धूर घाला. आणखी घाला. त्यांना वाटायचं सुनंला शेक मानवला."

 इतकी वर्षं ती मनातल्या मनात सासूला, बाळंतपण केलेल्या सुइणीला, वाऱ्याला धरून विचारत होती. आणि ही पोर आपणच आपल्यावर धूर मागून घेत होती, एकटी, भिंतीकडं तोंड करून.

ती खाली वाकते. घमेलं ओढायचं, बाहेर फेकायचं. गुडघे दुमडत नाहीत. हात पुरत नाही. ती पोटावर पालथी होऊन बाजेखाली सरकते, तसं घमेलं आत आत जातं. बाजेखालची जागा शेतासारखी लांब होते. अखेर तिची बोटं काठाला लागतात. ती जिवाच्या आकांतानं ओढते.

"राहू द्या," वरून हौसाचा आवाज येतो, थकलेला. "मला आता त्येचा काय उपयोग? मी कवाच गेले. तुमच्या घरात आहे तिला विचारलंत का? माणसं बाहीर काढा, दार लावा आन् विचारा. ती आपणहून सांगायची न्हाई."

"हौसे, तू चल माझ्यासंगं."

"कुठं येऊ?" हौसा विचारते. खरंच विचारते, पत्ता विचारावा तसं. 

पंखा फिरतो आहे. अनसाक्का दिवाणावर उठून बसली आहे, धापा टाकत. उजव्या हाताची बोटं आगीत धरल्यासारखी हुळहुळतात. ती हात डोळ्यांजवळ आणते. चारी बोटांवर आडवा लाल वळ उठला आहे, आणि मधल्या बोटावर पाण्यानं भरलेला फोड.

"शालन, गॅस पेटवलाय का गं?"

"आता पेटवतीय. वाफंचं पाणी ठेवते, तेजू ऐकंना."

अनसाक्का भिंतीला धरून आत जाते. दार आतून लावते. तेजल भिंतीकडं तोंड करून पडली आहे, पांघरुणात कुडकुडते आहे. कपाळाला हात लावायची गरजच नाही, धग लांबूनच लागते.

"तेजू, इथं मी न् तूच आहे. अंगावरून जातंय त्याला वास येतोय का?"

 तेजलचे खांदे हलायला लागतात.

"परवापासून," ती भिंतीला सांगते. "आजी, किती वेळा धुतलं मी. मम्मीला काय सांगू? हे जवळ बसले तरी मी लांब सरकायची. वाटलं, वाफ घेतली की जाईल."

"वाफेनं झाकतं बाळा. जात न्हाई." अनसाक्का दार उघडते आणि शालनला हाक मारते. तिचा आवाज तिलाच ओळखू येत नाही. "पाणी ओतून टाक. रिक्षा बोलव. आत्ताच्या आत्ता."

"अगं पण आई, डॉक्टरीण तर संध्याकाळीच बसती..."

"आत्ता म्हणते ना मी!"

रिक्षा दारात येते. शालन आणि शेजारीण दोघी मिळून तेजलला धरून बसवतात. तिचे ओठ पांढरे पडले आहेत. ती बाळाकडं बघते, हात पुढं करते, पण हात उचलून धरायचं बळ नाही. "दवाखान्यात नको न्यायला त्याला, तुझ्याजवळ ठेव," शालन घाईघाईनं म्हणते आणि बाळाला अनसाक्काच्या ओटीत टाकते. परवापासून. अनसाक्का तेवढा एकच शब्द मनात उलटापालटा करते. वेळेत झालं का उशीर झाला, हे तिला कुणी सांगू शकत नाही. हौसाच्या वेळी केव्हापासून होतं, तेही तिनं विचारलं नाही.

रिक्षाचा आवाज गल्लीच्या वळणावर संपतो. घरात पंखा, आणि बाळाचा श्वास.

बाळ जागं होतं. तोंड इकडं तिकडं फिरवतं, तिच्या लुगड्याच्या घडीत शोधतं. तिथं आता काही नाही. ते रडायला लागतं, आधी बारीक, मग सगळं अंग ताठ करून. अनसाक्का हलत नाही. त्याचं डोकं तिच्या उजव्या हातावर आहे. बोटावरचा फोड त्या हालचालीनं फुटतो, पाणी तिच्या तळव्यात उतरतं, आणि खालची कातडी झोंबू लागते.