एकदाच विचारायची रीत

माझा थोरला भाऊ औरंगाबादेहून इंग्रजी शिकून टेंभुर्णीला परतला, तो घरादाराला सुधारायचा विडा उचलूनच. इंग्रजीत म्हणे बोलण्या-वागण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक साहेबासाठी, कडक; दुसरी आपल्या माणसांसाठी, मोकळी. मोकळ्या तऱ्हेत लवून सलाम नाही, आर्जवं नाहीत. भेटल्यावर नुसतं 'हॅलो' म्हणायचं, हवं-नको एकदाच विचारायचं आणि समोरचा म्हणेल ते खरं मानायचं. सकाळी तो वडिलांनाही 'हॅलो' म्हणायचा. वडील दचकून मागे बघायचे.

इथवर ठीक होतं. पण मला बघायला राजूरचे पाहुणे आले, तेव्हा वाढायचं कामही त्यानंच अंगावर घेतलं. मुलगा इंग्रजी शिकलेला, त्याला आपला आग्रह गावंढळ वाटेल, असं त्याचं म्हणणं. आधीची दोन स्थळं माझ्या रंगावरून परत गेली होती. हा मुलगा मी दाराआडून बघून घेतला होता आणि मला तो फार आवडला होता.

पंगत बसली. एकेक पुरणपोळी संपली, तशी भावानं दुसरी पुढे केली. मुलाचे वडील रीतीप्रमाणे नको म्हणाले. आमच्याकडे पहिल्या नकोला कोण धरतो? ताटावर हात आडवा धरून दोनतीनदा झटापट होते, तेव्हा कुठे माणूस पोटभर जेवतो. भाऊ मात्र मान डोलावून पुढच्या ताटाकडे सरकला. मुलगाही नकोच म्हणाला. त्याचं इंग्रजी त्या वेळी कुठे गेलं होतं कोण जाणे! सगळे पाणी पीत बसले. कुणी मागेना, भाऊ विचारेना.

असे अर्धपोटी राजूरला गेले तर परत कशाला येतील? माझं डोकंच फिरलं. दाखवायच्या मुलीनं बोलायचं नसतं. मी सरळ पंगतीत गेले.

"दादा, ते पोळ्यांचं ताट इकडं दे. माणसं भुकेली बसून राह्यली अन् तू इंग्रजी करून राह्यला."

मी कुणाला विचारलंच नाही. मुलाच्या वडिलांनी हात आडवा धरला, तर हाताखालून पोळी सरकवली आणि वर तूप ओतलं. आई दारात कपाळाला हात लावून उभी होती. आता सगळं संपलं, असं मलाही वाटलं.

मुलाचे वडील खाली मान घालून जेवले. मग रिकामं ताट त्यांनी स्वतःच माझ्यापुढे केलं.

"आजून एक वाढ, माय. आता तुझ्यापाशी कशाची लाज? घरचीच झाली तू."

मुलानंही लगेच ताट पुढे केलं.